आधी हिराता-सानना सांगायला हवं

चिगुसामावशीला गावातल्या कुणाचाही आवाज काढता यायचा. लिलाववाल्याचा यायचा, बसमध्ये "पुढचा थांबा, मच्छीमार संघ" म्हणणाऱ्या रेकॉर्डवरच्या बाईचा यायचा, आणि देवळातल्या बारमाही सर्दीवाल्या भिक्षूंचा तर असा हुबेहूब यायचा की एकदा तिनं शेडच्या दाराआडून मयताचा मंत्र म्हटला तेव्हा तोकुए-आजी हातातलं कालव टाकून, डोळे मिटून, हात जोडून उभी राहिली. मग डोळे उघडले.

"मेले, जिवंत आहे गं मी अजून! माझ्यावर कसला मंत्र म्हणतेस?"

शेड म्हणजे संघाची कालवं फोडायची शेड. थंडी पडली की आमच्या तोमारीउरातल्या निम्म्या बायका तिथं. रबरी अंगरखे घालून ओळीनं उभं राहायचं, बोथट सुरी शिंपल्याच्या फटीत घालायची, मनगटाचा एक हिसका, गर टोपलीत, शिंपला पायाशी. हात गोठलेले पण तोंड मोकळं. शाळा सुटली की मी आईचा डबा परत न्यायच्या निमित्तानं तिथं जायची आणि मावशीचा खेळ संपेपर्यंत हलायची नाही.

तिचा हातखंडा म्हणजे तिची सासू. इसोबेंच्या फुसाबाई. इसोबे म्हणजे आमच्याकडचं मोठं घर, तीन पिढ्यांपासून होड्या बाळगून. फुसाबाई कुणावर आवाज चढवत नसत. उलट आवाज इतका खाली नेत की समोरच्याला वाकावंच लागे. पाहुणा आला, चहा पुढं केला, की मान किंचित कलती करून, शेवटचे शब्द श्वासात विरघळवत म्हणायच्या, "काही नाही हो आमच्याकडे, पण गोड मानून घ्या." आणि ताटात असायचं काय, तर गावात कुणाकडं नसेल ते सगळं.

मावशी कालवाचा रिकामा शिंपला दोन्ही तळव्यांवर धरायची, मान कलती करायची, आणि ते वाक्य म्हणायची. बायका हसून हसून ओट्याला धरायच्या. तोकुए-आजी म्हणायची, "पुरे गं, ऐकू जाईल बंदरापर्यंत!" आणि लगेच, "परत एकदा म्हण."

मावशीचा नवरा तात्सुहिको. त्याचा आवाज मात्र ती कधी काढत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काढायला आधी ऐकायला नको का?"

ही थट्टा नव्हती. तात्सुहिकोकाका मावशीशी बोलतच नसे. तो मारत नव्हता, शिव्या देत नव्हता, भांडतही नव्हता. शहरात त्याचं दुसरं काही होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मावशीला त्याचंही एवढं नव्हतं. तो जेवायला बसायचा, मावशी समोर वाढायला, आणि तो आईला म्हणायचा, "हिला सांग, सूप खारट झालंय." मग फुसाबाई मावशीकडे वळून, मान कलती करून, "तात्सुहिको म्हणतो, सूप थोडं खारट झालंय हो." मावशी सासूला म्हणायची, "उद्या मिसो कमी घालते म्हणावं." आणि फुसाबाई लेकाकडे वळायच्या. तिघं एकाच टेबलापाशी. हे मावशीनं आम्हाला करून दाखवलं तेव्हा बाबांना ठसका लागला. आई हसली नाही.

हे सगळं तिनं वर्षानुवर्षं चालवून घेतलं. मग एका संध्याकाळी कोतोनेनं, तिच्या लेकीनं, तोंडात घास असतानाच विचारलं, "आई, बाबांना तू ऐकू येत नाहीस का?"

कोतोने तेव्हा बालवाडीत होती. पुढच्या वसंतात तिला मोठ्या शाळेत जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आमच्याकडे आली. आम्ही बंदराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. चप्पल काढायच्या आधीच, उभ्या उभ्या म्हणाली, "ताई, मी सोडतेय ते घर. कोतोनेला घेऊन."

आईच्या हातात मुळा होता. तो तिनं खाली ठेवला. "बरं झालं. मग आधी वकील गाठ. नाहीतर निदान पोरीला घेऊन आज सरळ इथं ये. बाकीचं मागाहून बघू."

"वकिलाकडे जाणारच आहे. पण आधी हिराता-सानना सांगायला हवं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? लग्न त्यांनी जमवलं. त्यांना न सांगता वकिलाकडे गेले तर त्यांच्या तोंडाला काळं फासल्यासारखंच की."

"तुझा जन्म मोठा की त्यांचं तोंड मोठं?"

"ताई, ज्यानं गाठ मारली त्याला विचारल्याशिवाय सोडू नये. आईनं काय शिकवलं आपल्याला?"

आईनं मुळा परत उचलला आणि असा किसला की बोटं सोलली असती. आजीचं नाव काढलं की आमच्या घरात वाद संपतो. आणि खरं सांगायचं तर आमच्या गावात कुणीही हेच केलं असतं. जमवणाऱ्याला न सांगता संसार मोडणं म्हणजे मागच्या दारानं पळून जाणं. मावशीला पुढच्या दारानं जायचं होतं. मान खाली घालून, पण पुढच्या दारानं.

तर ती गोड वड्यांचा डबा दुकानाच्या कागदात बांधून घेऊन हिराता-सानकडे गेली.

हिराता-सान टपाल कचेरीचे निवृत्त साहेब. प्रत्येक वाक्याच्या आधी घसा असा खाकरायचे की जणू शिक्का मारताहेत. मावशी परत आली ती त्यांनाच घेऊन आल्यासारखी. चटईवर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून तिनं सुरू केलं.

"अंहं! असं बघा, चिगुसा-सान. अंहं! पाण्यात गाळ उठला की हात घालू नये. खाली बसू द्यावा. तुम्ही ताईंकडे जा, डोकं थंड करा. मी इसोबेंकडे शब्द टाकतो. अंहं! मुलीला मात्र आत्ता हलवू नका."

"का?" आईनं विचारलं.

"खेळाचा दिवस आलाय बालवाडीचा. पोर रिलेत धावणार आहे. मधेच उचलून नेलीत तर लोक म्हणतील, पळवली. तुमच्याच नावाला बट्टा. अंहं!"

"आणि तू काय म्हणालीस?"

मावशी हिराता-सानमधून बाहेर आली. चेहरा एकदम तिचा झाला. "हो म्हणाले. बरोबरच आहे की, ताई. चार दिवसांचा तर प्रश्न. खेळाचा दिवस झाला की घेऊन येते. सगळं रीतसर."

त्याच आठवड्यात ती आमच्याकडे राहायला आली, एक पिशवी घेऊन. कोतोनेला सांगून आली की आई थोडे दिवस ताईमावशीकडे आहे, तू छान धाव.

हिराता-साननी शब्द टाकला. मावशी त्यांच्या दारातून बाहेर पडली आणि त्यांनी फोन उचलला. त्यात त्यांचं काळंबेरं काही नव्हतं. दोन्ही घरांचं ऐकून घ्यायचं ही त्यांची रीतच.

खेळाच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. मैदानाभोवती सगळ्यांच्या सतरंज्या. इसोबेंची पुढं, दोरीला लागून. आमची मागं, झोपाळ्यांजवळ. कोतोने धावली, वळणावर पडली, उठली, शेवटून दुसरी आली. टोपी मागं उडालेली, गुडघा फुटलेला, आणि ती आजीच्या सतरंजीला वळसा घालून थेट आमच्याकडे आली. मावशीच्या मांडीत बसली. भाताचा गोळा अर्धा खाल्ला. मग उरलेला अर्धा दोन्ही तळव्यांवर धरला, मान कलती केली, आणि आईच्या कानाशी म्हणाली,

"काही नाही हो आमच्याकडे, पण गोड मानून घ्या."

हुबेहूब! श्वासासकट! मावशी मागं कलंडली. कोतोने तिच्यावर. दोघी उताण्या पडून इतक्या हसत होत्या की शेजारच्या सतरंजीवरचे लोक वळून बघायला लागले. मावशीनं तो उष्टा गोळा घेतला आणि पाहुण्यासारखी मान लववून खाल्ला.

तेवढ्यात सावली पडली. फुसाबाई.

"चला हो कोतोने-चान. घरी पाहुणे यायचेत."

मावशी उठून बसली. केस सावरले. "आई, आज तिला मी ताईकडे नेते."

"अगं, आजच? दमलीये पोर. गुडघा बघ." आवाज इतका खाली की मावशी वाकली. "हिराता-सान काय म्हणाले? घाई नको. हो ना?"

हिराता-सान दोनच सतरंज्या पलीकडे बसले होते. त्यांनी हात वर करून नमस्कार केला. मैदान भरलेलं. सगळे बघत होते. मावशीनं कोतोनेच्या गुडघ्याला रुमाल बांधला आणि तिला उभी केली.

"रविवारी येते हं तुला न्यायला."

रविवारी कोतोनेला ताप होता. पुढच्या खेपेला ती आजीबरोबर देवळात गेली होती. त्याच्या पुढच्या खेपेला फुसाबाई फाटकातच उभ्या होत्या आणि फाटक उघडलं नाही. सगळं नीट होईपर्यंत मुलीला हलवायचं नाही असं ठरलंय, त्या म्हणाल्या.

"कुणी ठरवलं?"

"ठरलंय हो."

मावशीनं हेही करून दाखवलं आम्हाला. फक्त या वेळी कुणी हसलं नाही, आणि तीही मधेच थांबली.

थंडी पडली, शेड सुरू झाली. तोकुए-आजीनं पहिल्याच दिवशी सुरीचं टोक मावशीकडे रोखलं. "झालं तुझं पुढचं दार? आता वकील कर."

"कसा करायचा? मला कुठं ठाऊक आहे वकील कसा निवडतात?"

"त्यात काय, बांगडा आहे का, डोळे बघून घ्यायला? आपल्याकडे आहे एकच. निवडायचा प्रश्नच मिटला!"

बायका हसल्या. तोमारीउरात वकील एकच, इकुता-सेन्सेइ. डॉक्टरला सेन्सेइ म्हणतात, मास्तरला म्हणतात, वकिलालाही म्हणतात, त्यामुळे बंदरावर "सेन्सेइ!" अशी हाक मारली की तीन माणसं वळतात. इकुता-सेन्सेइ म्हातारे होत आलेले, बाहेरून आलेले, मासेमारीच्या सामानाच्या दुकानावर त्यांची कचेरी. तोकुए-आजीच्या नणंदेचा बांधाचा तंटा त्यांनीच मिटवला होता. "ऐकताना डोळे मिटतो," आजी म्हणाली, "पण झोपत नाही. मधेच बरोबर प्रश्न विचारतो. जा. ही घेऊन जा." आणि मोठी मोठी निवडून कालवं पिशवीत भरली.

त्या दिवशी मावशीबरोबर मी गेले होते. जिना अरुंद, डांबरी दोरांचा वास. वर कारकून बाईनं नाव विचारलं. मावशीनं सांगितलं. बाईचा चेहरा असा झाला की तिला अचानक शिंक येतेय पण ती येऊ देणार नाही. आत गेली. आतून कुजबुज. आणि इकुता-सेन्सेइ स्वतः बाहेर आले, चष्मा कपाळावर.

मावशी लवली. "मी इसोबे..."

"बसू नका!" ते म्हणाले. मग स्वतःच दचकले. "म्हणजे, बसा. जरूर बसा. थंडी आहे. पण काही सांगू नका."

"मी फक्त एवढंच..."

"तेही नको. एक अक्षर नको. मी ऐकू शकत नाही तुमचं."

"फी म्हणाल तर..."

"फी नाही हो. मला..." त्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला, परत वर ढकलला. "मला तुमचं काम घेता येणार नाही. का, ते सांगता येणार नाही. तुम्ही दुसरे वकील बघा. लवकर बघा. लवकर, एवढं मी म्हणालो तर चालेल बहुतेक."

मावशीनं पिशवी पुढं केली. त्यांनी दोन्ही हात मागं घेतले, कालवं चावतील असे. "हेही नको. माफ करा. मनापासून माफ करा." आणि ते इतके खाली लवले की चष्मा पडला. मावशीनं तो उचलून दिला.

जिना उतरताना ती म्हणाली, "चांगला माणूस आहे."

ती कालवं त्या संध्याकाळी आम्ही कोबीबरोबर उकळून खाल्ली. आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कोडं सुटलं. तोकुए-आजीनं सुरी खाली ठेवली आणि कपाळावर ओला हातमोजा मारला. "अगं बाई! फुसाला मी पाहिलं होतं त्या जिन्यात! खेळाच्या दिवसाच्या आधी! मला वाटलं, खालच्या दुकानात दोर घ्यायला आलीये आणि चुकून वर चढली!"

म्हणजे हिराता-सानचा फोन खाली ठेवला असेल आणि फुसाबाई उठल्या असतील. सासू आधी पोचली. वकिलानं एकाचं ऐकलं की त्याच भांडणात दुसऱ्याचं ऐकायचं नसतं. शहरात अशानं काही बिघडत नाही, समोरच्या गल्लीत दुसरा असतो. आमच्याकडे दुसरी गल्ली नाही.

"मी वड्या बांधून घेत होते," मावशी म्हणाली, "तेव्हा मी जिना चढायला हवा होता." मग सुरी उचलली आणि काम करत राहिली. त्या दिवशी तिनं कुणाचा आवाज काढला नाही.

शहर घाटापलीकडे. बस जाते, पण बर्फ पडला की तिचं तिलाच ठाऊक नसतं. मावशी शेडमधून सुट्टी घेऊन जायची आणि संध्याकाळी आमच्या टेबलापाशी एकेक वकील घेऊन यायची.

पहिला, गालिचावाला. "कचेरीत गालिचा एवढा जाड, ताई, की माझे पायच सापडेनात." पोट पुढं काढून, खालच्या सुरात: "तोमारीउरा? मच्छीमार संघ? हाहाहा, संघाचा सल्लागार मीच! इसोबे-सान समितीवर आहेत ना? मग कसं जमायचं?" तेही मोठ्यानं हसत, जणू दोघांनाही लॉटरी लागलीय.

दुसरा, घड्याळवाला. कर्ज आणि वारसा एवढंच बघणारा. "नवराबायकोंनी आपसात बोलून घ्यावं. बोलून सुटत नाही असं काही नसतं."

"मग तू काय म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"म्हटलं, सेन्सेइ, तो बोलत नाही हाच तर खटला आहे."

बाबा खूप हसले. आईही हसली. मीही. मावशीनं भात वाढून घेतला आणि खाल्ला नाही. तेवढ्यात कोतोनेचा वाढदिवस येऊन गेला. मावशी स्वतः विणलेली टोपी फाटकाला अडकवून आली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर फाटकावर नव्हती. आत गेली की वाऱ्यानं गेली, ते कळलं नाही.

तिसरी, कुनिएदा-सेन्सेइ. तरुण, नाकाला रुमाल लावलेली, कचेरी म्हणजे एका दाताच्या दवाखान्याच्या मागची खोली. भिंतीतून यंत्राची घरघर यायची. तिच्यापाशी मावशीबरोबर मी आणि आई दोघीही गेलो होतो.

तिनं चहा दिला नाही, हवापाणी विचारलं नाही. नाक शिंकरलं आणि म्हणाली, "मुलगी आत्ता कुठं झोपते?"

"सासूबाईंजवळ."

"कधीपासून?"

"खेळाच्या दिवसाच्या आधीपासून."

लिहिणारा हात थांबला. भिंतीपलीकडे कुणीतरी "आ" केलं.

"घर सोडताना तिला बरोबर का नाही आणलंत?"

"हिराता-सान म्हणाले..." मावशी सांगू लागली. गाळ, पाणी, रिले, सगळं. खाकरणं वगळून. पहिल्यांदाच तिनं ते तिच्या स्वतःच्या आवाजात सांगितलं, आणि त्या आवाजात ते फार साधं वाटलं.

कुनिएदा-सेन्सेइनं सगळं ऐकलं. "तुम्हाला मारहाण वगैरे..."

"नाही."

"मुलीची आबाळ?"

"छे! सासूबाई तिला फुलासारखं ठेवतात." मावशी जरा रागावलीच.

"हं." तिनं रुमाल घडी केला. "मी घेते तुमचं काम. पण खोटं बोलत नाही. तेव्हा आला असतात तर मी म्हटलं असतं, मुलीला घ्या आणि या, वाकायचं ते मागून वाका. घटस्फोट झाला की मूल कायद्यानं एकाकडेच राहणार. आणि न्यायालय मूल आहे तिथून सहसा हलवत नाही. जितका वेळ ती तिथं राहते, तितकी ती तिथली होते."

"पण मी सोडून आले नाही तिला," मावशी म्हणाली. "मी परवानगी मागायला थांबले."

"माहीत आहे."

"मग ते सांगा त्यांना."

"सांगेन," ती म्हणाली. आणि तिनं खरंच सांगितलं. प्रत्येक तारखेला सांगितलं. वकील म्हणून तिच्यात काही खोट नव्हती. उशिरा मिळाली एवढंच.

आधी मध्यस्थी झाली. मध्यस्थ म्हणजे एक आजोबा, एक आजी, दोन्ही बाजूंना आळीपाळीनं आत बोलावणारे. मग न्यायालयाची बाई इसोबेंच्या घरी जाऊन मुलीला बघून आली. तिनं लिहिलेलं कुनिएदा-सेन्सेइनं आम्हाला वाचून दाखवलं. मुलीला स्वतंत्र टेबल आहे. नवं लाल दप्तर तिनं स्वतः काढून दाखवलं. आजीच्या हाताला धरून होती. आईविषयी विचारल्यावर म्हणाली, आई ताईमावशीकडे आहे, थोडे दिवस.

"अजून थोडेच म्हणते," मावशी म्हणाली. तेवढ्यावरच ती खूश झाली. शेडमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं.

निकाल लागला तेव्हा चेरीला पालवी आली होती. मुलगी रुळलेली आहे, नीट आहे, बसलेली घडी मोडू नये. कोतोने बापाकडे. आईला महिन्यातून एकदा भेट.

पुढच्या आठवड्यात हिराता-सान आले. तशाच कागदात बांधलेला वड्यांचा डबा. उंबऱ्याशीच गुडघे टेकले. "अंहं... मी दोन्ही घरांचं भलंच बघत होतो, चिगुसा-सान." आईनं किटली अशी आदळली की झाकण उडालं. पण मावशीनं त्यांना आत बोलावलं, गादी दिली, चहा दिला, वड्या त्यांच्याच पुढं मांडल्या. हवेविषयी बोलली. दारापर्यंत पोचवून आली.

दार लागलं. ती तिथंच पाठमोरी उभी राहिली. मग हात पाठीमागं बांधले आणि खाकरली.

"अंहं! बसला हो गाळ."

आई म्हणाली, "चिगुसा, नको गं."

पहिली भेट इसोबेंच्या घरी ठरली. मुलीला सवयीची जागा हवी, असं त्यांच्या बाजूनं आलं, आणि इकुता-सेन्सेइनी ते कळवताना पत्रात दोनदा माफी मागितली होती. मावशीबरोबर एकानं आलं तर चालेल म्हणून मी गेले. तिनं आदल्या दिवशी केस कापून घेतले. शेडचा वास जावा म्हणून हात लिंबानं चोळले. वाटेत बसच्या बाईचा आवाज काढला, "पुढचा थांबा, इसोबे!" आणि स्वतःच हसली. तिला वाटत होतं कोतोने धावत येईल आणि अंगावर पडेल. मलाही वाटत होतं.

तात्सुहिकोकाका समुद्रावर होता. फुसाबाईंनी आम्हाला समोरच्या खोलीत बसवलं, पाहुण्यांच्या. त्या खोलीत मावशीनं कितीतरी वर्षं चहा नेऊन दिला होता. त्या बाजूला ती कधी बसली नव्हती. फुसाबाई कागदी दाराच्या पलीकडे जाऊन बसल्या. त्यांची सावली दिसत होती.

दार सरकलं. कोतोने. उंच झाली होती, केस घट्ट बांधलेले. हातात तबक. तिनं ते नीट खाली ठेवलं, गुडघे टेकले, दार दोन्ही हातांनी लावलं, आणि कप मावशीपुढं सरकवला. मान किंचित कलती केली.

"काही नाही हो आमच्याकडे," ती म्हणाली, "पण गोड मानून घ्या."

शेवटचे शब्द श्वासात विरघळले.

मावशी फुटली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. इतक्या महिन्यांनी! पोर विसरली नव्हती! तिनं हात पसरले आणि वाट बघितली, आता कोतोने फुटेल, आता मागं कलंडेल.

कोतोनेनं दाराकडे बघितलं, सावलीकडे. मग कपाकडे. तिच्या गालांवर लाली चढली.

"माझं काही चुकलं का?" तिनं हळूच विचारलं. त्याच सुरात. ती कुणाचा सूर काढत नव्हतीच. तो तिचाच झाला होता.

मावशीचे हात तसेच हवेत होते. मी बघितलं, ते आधी मांडीवर आले, मग एकावर एक नीट बसले. तिनं कोतोनेच्या गुडघ्याकडे बघितलं. वणही राहिला नव्हता तिथं. मग कप उचलला, दोन्ही हातांनी, पाहुण्यानं उचलावा तसा.

"नाही हो," ती म्हणाली. "काही चुकलं नाही. फार छान झालाय चहा."

कागदापलीकडची सावली जरा हलली. कोतोनेनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि वड्यांची ताटली आमच्याकडे सरकवली.